धुवणात गेलेल्या पेशी

त्या सोमवारी सकाळी वासंतीच्या मोबाइलवरून फोन आला, म्हणून मी उचलताच म्हणालो, "बाईसाहेब, आज दांडी वाटतं?" पलीकडून तिच्या आईचा आवाज आला, "बाला, वासंती न्हाय रं उठली." रविवारी रात्री थळच्या घरी जेवून झोपलेली पोर सकाळी उठलीच नाही. हृदय बंद पडलं, असं अलिबागच्या डॉक्टरांनी सांगितलं. वय सत्तेचाळीस. थळला अंत्यविधीच्या गर्दीत तिच्या आईने, मावशींनी, माझा हात धरला. "तुमी दोघं तेच बघता ना, जीव कसा जातो ते? मंग सांग, तिला तरास झाला काय?" मी "येतो सावकाश, बोलू," म्हणालो आणि पळालो. पाच आठवडे त्या गावाकडे फिरकलो नाही.

मावशींचं चुकलं नव्हतं. नवी मुंबईतल्या औषधांच्या प्रयोगशाळेत वासंतीने आणि मी चौदा वर्षं शेजारी बसून पेशी मरताना पाहिल्या. नवं औषध माणसाच्या पोटात जाण्याआधी ते यकृताच्या पेशींना मारतं का, हे तपासायचं आमचं काम. पेशींवर औषध घालायचं, मग चमकणारे दोन रंग घालायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली फोटो काढायचे. जिवंत पेशी हिरवी दिसते. मेलेलीचं आवरण फाटतं आणि आत लाल रंग शिरतो. मावशी जन्मभर मासळी विकत आलेल्या, त्यामुळे वासंती म्हणायची, "आमच्याकडे उलटं. कल्ला लाल, तर मासा ताजा." आणि स्वतःच्याच विनोदावर स्वतःच खो-खो हसायची.

मी घाईचा माणूस. एका औषधावर सगळ्यांचे डोळे लागले होते आणि माझ्या फोटोंत सगळं हिरवंगार, लाल ठिपके बोटांवर मोजण्याइतके. अहवालावर वासंतीची सही तेवढी हवी होती. तिने फोटो पाहिले आणि विचारलं, "धुतलंस कसं?"

"नेहमीसारखं, तीनदा."

"आणि धुवण?"

"ओतलं. ते काय जपून ठेवायचं?"

तिने सही केली नाही. मरणारी पेशी बशीच्या तळाला धरून राहत नाही, सुटते. जादा रंग काढायला धुतलं की पाण्याबरोबर निघून जाते, आणि फोटोत येतात त्या फक्त उरलेल्या. "वाचलेल्यांची शिरगणती करून गाव सुखी आहे म्हणतोस तू," ती म्हणाली. माझं डोकं फिरलं. तीन आठवडे मी तिच्याशी कामापुरतंच बोललो. तेवढ्या काळात तिने सगळे प्रयोग एकटीने पुन्हा केले, धुवणासकट. धुवण लालभडक निघालं. औषध तिथेच थांबलं... नाहीतर कुणाच्या पोटात गेलं असतं, देव जाणे. "तुझं बरोबर होतं," हे तीन शब्द मात्र माझ्या तोंडून कधी निघाले नाहीत. मी तिच्या टेबलावर चहा नेऊन ठेवला. तिने तो प्यायला.

शेवटच्या शुक्रवारी ती जिन्यात मधेच बसली होती. "म्हातारी झालीस," मी चिडवलं. "झाले असेन," ती म्हणाली. मरायच्या आधी पेशी आवरणावर एक खूण बाहेर काढते, आणि ती ओळखणारा रंग आम्ही रोज वापरायचो. समोर बसलेल्या बाईकडे मात्र मी नीट पाहिलंसुद्धा नाही. हे लिहिताना लाज वाटते.

परवा अखेर थळला गेलो. मावशी ओटीवर सुक्या कोळंबीचे सोडे निवडत होत्या. "आलास. आता सांग," एवढंच म्हणाल्या. मी वाटेत पाठ केलेलं बोललो: "नाही मावशी, त्रास नाही झाला. झोपेतच गेली, तिला कळलंसुद्धा नाही."

मावशींनी सोडे बाजूला सारले. "तुला माईत हाय?"

मला मान वर करवेना. "नाही, मावशी. माहीत नाही."

"मंग तसं सांगावं. माजी वासू बी माईत नसलं तर तसंच सांगायची." असं म्हणून त्यांनी पदर डोळ्यांना लावला आणि पहिल्यांदाच माझ्यादेखत रडल्या. मलाही आवरलं नाही.

थोड्या वेळाने त्या उठल्या आणि वासंतीच्या खोलीचं दार लोटून म्हणाल्या, "बघ. शेजारणी बोलतात, चादर धू, चादर धू. पन माजा हात न्हाय होत." एका कुशीवर झोपलेल्या माणसाच्या अंगाखालच्या सुरकुत्या त्या चादरीवर अजून तशाच होत्या. मी उंबऱ्यातच थांबलो.

"नका धुऊ, मावशी," मी म्हणालो.