ईशाचं एका वर्षाचं एम.ए.

मंडळी, माझी भाची ईशा आज दिल्लीत अर्थशास्त्राच्या एका वर्षाच्या एम.ए.ला प्रवेश घ्यायला निघाली होती, म्हणून लिहिते आहे.

तिला पुढे पीएचडी करायची आहे. मी म्हटलं, "प्रवेश ऑगस्टमध्ये, पीएचडीचे अर्ज डिसेंबरात. चार महिन्यांत तुला कोणता प्राध्यापक ओळखणार? शिफारसपत्र मी लिहू?"

"आत्या, यार, दोन वर्षांच्या कोर्सलाही नंबर लागलाय. पण बाबा पुढच्या वर्षी रिटायर होतायत. सरोजिनी नगरचं सरकारी क्वार्टर सोडावं लागेल. ते साताऱ्याला जातील, मी कुठे राहू?"

एवढ्यासाठी महिनाभर गप्प! चांगलंच झापलं तिला.

तुमच्याही मुलांना कोर्स निवडण्यामागचं खरं कारण विचारलंत का?

ईशाला आज दिलं: दिल्लीलगतच्या माझ्या नोएडाच्या घराची किल्ली आणि कपाटाचे दोन रिकामे खण.