लांबूनच पाया पड

शकूला त्यानं वेणीला धरून ओळीतून उचललं.

खो-खोची ओळ. पोरी मातीत उकिडव्या बसलेल्या. शकू मधोमध. पाठीवर कुणाची तरी थाप पडेल, ‘खो’ ऐकू येईल, म्हणून अंगाचं धनुष्य करून बसलेली. थाप पडलीच नाही. वेणी ओढली गेली. पोर एवढी दचकली की ओरडलीसुद्धा नाही. त्यानं तिला फरफटत मैदानाच्या कडेला नेलं आणि दोन ठेवून दिल्या. दुसरी तोंडावर बसली. शकूनं तोंडातून काहीतरी हातावर घेतलं. बघत राहिली. दात होता.

तो म्हणजे आमच्या कॉलनीच्या कमिटीचा सेक्रेटरी. कंपनीतला साहेब माणूस. घडी न मोडणारे कपडे, आवाज कायम खालचा. त्या दिवशी आवाज फाटला होता.

मी धावले. मध्ये उभी राहिले. म्हणाले, “साहेब, पोर आहे ती. हात लावू नका.”

त्यानं मला थोबाडीत मारली. सगळ्या पोरींच्या देखत. ओठ फुटला, रक्त हनुवटीवरून साडीवर.

“तुझ्यासारखीला आत घेतलं हीच चूक झाली,” तो म्हणाला. “आता अख्खी वस्ती आणून आमच्या पोरींच्या अंगावर घालतेस?”

आणि पुन्हा शकूकडे वळला. पुन्हा हात वर.

मी त्याला ढकललं. दोन्ही हात छातीवर ठेवून, सगळा जोर लावून. तो उताणा पडला. पांढरी पँट मातीत. चष्मा लांब. ओळीत त्याची स्वतःची मुलगी बसली होती, मंजू. तिनं बापाला तसा पडलेला पाहिला. मला वाटतं, त्याला पडण्यापेक्षा तेच जास्त लागलं.

मी त्या कॉलनीत नोकरीला होते. पिंपरीत तेव्हा कारखान्यांची रांग लागलेली. एकेका कंपनीची स्वतःची कॉलनी, कॉलनीत कल्याण केंद्र. शाळा सुटल्यावर मुलांनी कुठं जायचं, काय करायचं, हे बघायला त्यांना माणूस हवा होता. मी संयोजक. चित्रकलेला मास्तर आणायचा, विज्ञानाचे प्रयोग लावायचे, गोष्टी सांगायच्या, लेझीम बसवायची. खो-खो मी स्वतः शिकवायची. कॉलेजात असताना मी खो-खोत नाव काढलं होतं. त्या बळावरच नोकरी लागली. कल्याण अधिकाऱ्यानं मुलाखतीत जात विचारली नाही. आडनाव गावावरचं, ‘कर’ लागलेलं. त्यावरून त्यांनी आपलं आपण काय ते ठरवलं.

ती कॉलनी बांधली जात होती तेव्हा माझी आई तिथं विटा वाहायची. मी विटांच्या ढिगाशेजारी खेळायची. तिथल्या जिन्यांना मी पायऱ्या नव्हत्या तेव्हापासून ओळखते. हे मी कुणाला सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही.

पहिलं वर्ष बरं गेलं. बायका घरी बोलवायच्या. हळदीकुंकू, चहा, पोहे. “किती छान शिकवता हो तुम्ही.” सेक्रेटरीच्या बायकोनं तर मला शेजारी बसवून फोटो काढून घेतला होता.

मग चौदा एप्रिल आला. मी आमच्या वस्तीच्या मिरवणुकीत होते. पांढरी साडी, हातात निळा झेंडा, घसा बसेपर्यंत घोषणा. मिरवणूक हमरस्त्यानं गेली. कॉलनीतल्या कुणीतरी बसमधून पाहिलं.

दुसऱ्या दिवसापासून चहा बंद. कुणी भांडलं नाही. कुणी काही बोललंच नाही. रस्त्यात समोरून येणारी बाई अचानक दुसऱ्या बाजूची झाडं बघायला लागायची.

बोलली ती मंजू. लहान पोर, तिला काय कळतंय. खेळून झाल्यावर बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाली, “ताई, आता रोज खेळून गेलं की मला डोक्यावरनं आंघोळ करावी लागते.”

मी म्हटलं, “धूळ लागते ना, म्हणून.”

“नाही,” ती म्हणाली. “तुम्ही खो देता ना पाठीवर. आई म्हणते, तुम्ही शिवता.”

मी हसले. पोरीसमोर दुसरं काय करणार? घरी आले आणि मोरीत बसून दगडानं पाय घासले. घासत राहिले. टाच सोलून निघाली. आपण काय करतोय हे कळलं तेव्हा दगड भिंतीवर फेकून मारला. मी कशासाठी घासतेय? माझ्या अंगावर काय आहे?

त्याच आठवड्यात मी फाटक उघडलं.

कॉलनीला तारेचं कुंपण होतं. कुंपणापलीकडं रुळांच्या कडेनं झोपड्या. तिथल्या पोरी रोज संध्याकाळी तारेला बोटं अडकवून आमचा खेळ बघायच्या. त्यातली एक शकू. तिची आई पारूबाई कॉलनीचे रस्ते झाडायची, गटारं उपसायची. मी शकूला म्हटलं, “आत ये.” ती म्हणाली, “मारतील.” मी म्हटलं, “मी हाय ना.” किती सहज बोलून गेले.

शकू पळायला लागली की बघत राहावं. वळताना तिचा पाय मातीला चिकटायचा आणि सुटायचा, मांजरासारखा. पोरींना ती आवडली. मंजूला सगळ्यात जास्त. दोघी एकमेकींच्या पाठीवर थापा मारून खिदळायच्या. दुसऱ्या कॉलनीशी सामना ठरला तेव्हा मी शकूला संघात घेतलं. तिच्यामुळं संघाबाहेर राहिली ती एका साहेबाची मुलगी. मग सेक्रेटरी मैदानात आला. पुढचं मी सांगितलंच.

कल्याण अधिकारी वाईट माणूस नव्हता. भित्रा होता. त्यानं मला केबिनमध्ये बसवलं, पंखा लावला. म्हणाला, “ताई, तुम्ही साहेबांवर हात टाकलात.”

“त्यांनी पोरीचा दात पाडला.”

“ते मी बघतो. पण रविवारी हॉलमध्ये पालकांची सभा आहे. तिथं माफी मागा. दोन शब्द. विषय संपला.”

“आणि नाही मागितली तर?”

तो टेबलावरची काच पुसत राहिला. मग म्हणाला, “तुमचा भाऊ फाउंड्रीत टेंपररी आहे ना? पुढच्या महिन्यात परमनंटची नावं निघतात.”

माझा धाकटा भाऊ भट्टीसमोर उभा राहायचा. हातांवर जळाल्याचे डाग. परमनंट झाला की लग्न, मग पत्र्याच्या जागी पक्कं घर, असं सगळं आईनं मनात रचून ठेवलेलं. मी घरी सांगितलं तेव्हा तो ताटावरून उठला.

“माग की माफी,” म्हणाला. “दोन शब्दांनी तुझी जीभ झडंल का? मी रोज खातो शिव्या. फोरमन आईवरनं बोलतो. मी गिळतो. तू लई शिकलीस म्हणून तुला गिळता येत न्हाई व्हय?”

मी म्हटलं, “त्यानं पोरीला मारलं.”

“दुसऱ्याच्या पोरीसाठी माझ्या पोटावर पाय देतीस, आक्के?”

आई चुलीपुढं बसलेली. तिनं माझ्याकडं पाहिलंच नाही. जाळाकडं बघत म्हणाली, “पोरी, आपल्याला हितंच ऱ्हायचंय. माग. आमी काय कमी पाया पडलो?”

मी हो म्हटलं. खरंच हो म्हटलं. भावाच्या हातावरचे डाग बघून म्हटलं.

रविवारी हॉल भरला. पुढच्या खुर्च्यांवर साहेब आणि त्यांच्या बायका, मागं कामगार. भाऊ दाराशी उभा. कोपऱ्यात आमच्या लेझमी ढिगानं पडलेल्या. स्टेजवर सेक्रेटरी, चष्म्याची काडी नवी. मला माइकसमोर उभं केलं.

मी तोंड उघडणार तेवढ्यात तो म्हणाला, “थांबा. आधी ती मुलगी.”

पारूबाईला त्यांनी बोलावून आणलं होतं. मला ठाऊक नव्हतं. ती शकूला घेऊन भिंतीकडेनं पुढं आली, अंग चोरत. ज्या हॉलचा कचरा ती रोज काढायची तिथं तिला पाय कुठं ठेवावा कळत नव्हतं. शकूचं तोंड अजून सुजलेलं. कुणीतरी तिला बजावून आणलं असणार, कारण ती सरळ सेक्रेटरीसमोर गेली आणि वाकली. पायांकडं हात नेला.

त्यानं पाय मागं घेतले.

“लांबूनच,” म्हणाला. “लांबूनच पाया पड. शिवू नकोस.”

पुढच्या रांगेत कुणीतरी हसलं.

शकू वाकलेलीच राहिली. हात अधांतरी. पुढं न्यायचे की मागं घ्यायचे, तिला कळेना. मार तिनं खाल्ला, दात तिचा गेला, आणि वर पाया पडायचं, तेही अंतर राखून. ती मान वळवून माझ्याकडं बघायला लागली. ताई, आता काय करू?

माझ्या डोक्यात काहीतरी फुटलं. भाऊ, आई, पक्कं घर, सगळं त्या क्षणी जळून गेलं. मी शकूचा दंड धरला. तिला सरळ उभी केली. माइक ओढला.

“ही पाया पडणार नाही,” मी म्हणाले. “मी माफी मागणार नाही. त्या दिवशी मी फक्त ढकललं. त्याचंच मला वाईट वाटतंय.”

त्यानं माइक हिसकावला. तो माझ्या दातांवर आपटला. मग कोण कुठून आलं सांगता येत नाही. केस ओढले. पाठीत बुक्के बसले. एक बाई माझ्या पदराला लोंबकळून “काढा हिला, काढा हिला” किंचाळत होती. पारूबाई लेकीवर पालथी पडली, तिच्या कमरेत लाथा घातल्या. माणसांनी घातल्या. शर्टाच्या खिशाला पेन लावणाऱ्या माणसांनी.

मी कोपऱ्यात पडले ती लेझमींच्या ढिगावर. हाताला एक आली. लाकडी दांडा, लोखंडी साखळी, साखळीत पत्र्याच्या चकत्या. मी उठले. फिरवली. समोर सेक्रेटरी होता. साखळी त्याच्या गालावर कानापासून हनुवटीपर्यंत गेली. कातडी उघडली. त्यानं गालाला हात लावला आणि स्वतःचं रक्त बघून लहान पोरासारखा ओरडला. मी परत फिरवली. पुढची रांग रिकामी झाली. खुर्च्या उलट्यापालट्या. मी पारूबाईपुढं उभी राहिले आणि म्हटलं, “या. आता या.”

कुणी आलं नाही.

मागच्या बाजूला दोनेकशे कामगार असतील नसतील, माझ्या भावासारखे. एकही हलला नाही. भाऊसुद्धा नाही. दारातून बाहेर पडताना मी त्याच्याकडं पाहिलं. तो जमिनीकडं बघत होता.

चौकीत हवालदारानं पारूबाईची तक्रार ऐकून विचारलं, “पोरगी पडली असंल कुठंतरी, न्हाई?” सेक्रेटरीची तक्रार मात्र डॉक्टरच्या दाखल्यासकट लिहून घेतली. मला आत टाकलं. हत्यार म्हणून लेझीम जप्त केली. जामिनाला उभा राहिला तो हमरस्त्यावरचा एक मोटार मेकॅनिक, रहीमचाचा. मी फाटक उघडल्यापासून त्याची पोरगी आमच्या चित्रकलेच्या वर्गाला यायची. त्यानं मला काही विचारलं नाही. सही केली, स्कूटरवर बसवून घरी सोडलं.

नोकरी गेली. पारूबाईचं काम गेलं. परमनंटच्या यादीत भावाचं नाव नव्हतं, आणि टेंपररीवरूनही त्याला काढलं. तो चाकणच्या बाजारात कांद्याची पोती उचलायला लागला. आमच्यात बोलणं नाही. आई दोघांच्या मध्ये ताट सरकवते. मी त्याला दोष देत नाही. तो मला देतो. देऊ दे.

मंजूला तिच्या बापानं साताऱ्याकडं हॉस्टेलला टाकलं. जायच्या आधी तिला पट्ट्यानं फोडून काढलं, असं पारूबाईनं शेजारच्या मोलकरणीकडून ऐकलं. कारण काय, तर तिनं विचारलं, “बाबा, शकूला का मारलं?”

मी रुळांच्या कडेच्या मोकळ्या जागेत वर्ग सुरू केला. संध्याकाळी शाळा सुटल्यावर. चित्रं, गोष्टी, प्रयोग, खो-खो, सगळं. पहिल्या आठवड्यात कुणीतरी खो-खोचे खांब तोडून नेले. आम्ही दुसरे रोवले. तेही तोडले. मग रहीमचाचानं गाडीचे जुने लोखंडी ॲक्सल आणून दिले, ते सिमेंटात गाडले. आता पोरी जास्त आहेत. मी त्यांना खो-खोच्या आधी काठी शिकवते. कुठं मारलं की माणूस बसतो, ते शिकवते. वस्तीतले काही म्हातारे नावं ठेवतात, पोरींना गुंड करतेस म्हणतात. मी ऐकून घेते आणि शिकवते.

मध्यंतरी कल्याण अधिकारी वस्तीत आला होता. बूट चिखलानं भरलेले. म्हणाला, साहेब केस मागं घ्यायला तयार आहेत, भावाला परत घेतील, फक्त माफीचे दोन शब्द. मी त्याला पाणी दिलं. त्यानं तांब्याकडं पाहिलं आणि तहान नाही म्हणाला. मी म्हटलं, “साहेबाला सांगा, इथं या. शकूसमोर उभे राहा. माफी तिची मागायची.” तो गेला तो परत आला नाही.

केस चालू आहे. माझ्यावरची एक, आणि वकिलाच्या मागं लागून आम्ही घातलेली एक. तारखा पडतात. साक्षीदार कोण? पूर्ण हॉल होता, पण साक्षीला कुणी नाही. शकू आहे. आता तिला पदर आलाय. कोर्टात काळा कोट घातलेला माणूस आपल्याला काय काय विचारील, ह्याची तिला भीती वाटते. म्हणून मी रोज वर्ग सुटल्यावर तिला समोर उभी करते. मी वकील होते. तिला घाबरवते, आडवं विचारते, खोटी पाडते. ती रडते. मी थांबत नाही.

“कुणी मारलं?”

ती कॉलनीच्या दिशेनं हात करते.

“हात नको. नाव घे.”

ती नाव घेते. हळू.

“कोर्टात कुणाला ऐकू जाणार नाही. परत.”

निकाल काय लागेल हे मला ठाऊक आहे. कोर्टाच्या खुर्चीत कोण बसतं तेही ठाऊक आहे. मला आत जावं लागलं तर जाईन. पण त्याच्या तोंडासमोर, त्याच्या गालावरच्या त्या व्रणापासून हातभर अंतरावर, ही पोर उभी राहील आणि सांगेल. त्याशिवाय मी मरणार नाही.

“कुणी मारलं?”

ती नाव घेते.

“मोठ्यानं.”