देवळालीचं कुणाला सांगू नकोस

अमेरिकेत, सनीव्हेलला आमच्या खालच्या मजल्यावर एक आयरिश जोडपं राहायचं. दोघांनीही ऐंशी ओलांडलेली. माझ्या व्हिसावर नोकरीची मुभा नव्हती. नवरा कंपनीच्या शटलने गेला की दिवसभर मी आणि माझी दोन वर्षांची लेक. चारला खालच्या आजी चहाला बोलवायच्या. भांडं रिकामं परत करायचं नसतं, हे मी त्यांना शिकवलं होतं आणि ते त्यांना फार पटलं होतं. माझ्या स्टीलच्या ताटलीतून शिरा खाली जायचा, त्याच ताटलीतून त्यांचा सोडा ब्रेड वर यायचा.

एकदा झोपाळ्याशी हटून बसलेल्या लेकीवर मी मराठीत ओरडत होते. बाकावर बसलेले आजोबा म्हणाले, "ही भाषा मी ऐकलीय. देवळालीला."

मी नाशिकरोडची. देवळाली म्हणजे आमच्या घरापासून सायकलचं अंतर. मला कोण आनंद झाला! युद्धात ते ब्रिटिश फौजेत होते आणि ब्रह्मदेशात पाठवण्याआधी काही महिने तिथल्या छावणीत होते. तिथल्या धुळीचं त्यांनी अगदी बरोबर वर्णन केलं. मग स्वतःच्या दाराकडे पाहून आवाज खाली आणला.

"देवळालीचं कुणाला सांगू नकोस. बायकोला वाटतं, तेव्हा मी इंग्लंडात कारखान्यात होतो."

आजी दीड वर्षाच्या असताना, आयर्लंडच्या स्वातंत्र्यलढ्यात, त्यांच्या वडिलांना ब्रिटिश सैनिकांनी गोळी घातली होती. तोच गणवेश आजोबांनी अंगावर घातला होता. गावात काम नव्हतं, म्हणून भरती झालो, एवढंच ते म्हणाले. लग्नाआधी सांगितलं असतं तर ती हो म्हणाली नसती, आणि नंतर सांगायला तोंड उरलं नाही. मी शब्द दिला.

आणि त्याच दिवशी जेवताना नवऱ्याला सगळं सांगून टाकलं. त्यात काही चुकलं असं मला वाटलंही नाही. 'कुणाला सांगू नकोस' म्हटलं की त्यात घरचे धरायचे नसतात, हे मी जन्मापासून पाहत आलेय. आमच्याकडे अशी गुपितं जपून ठेवतात, फक्त घरातल्या प्रत्येकाकडे एकेक प्रत असते.

वर्षभराने सासरे आले, तेव्हा मी त्यांनाही सांगितलं. पुढच्याच आठवड्यात गणपती होते. खालचे दोघं दर्शनाला आले, मी हातात मोदक दिले. सासऱ्यांचे वडील बेचाळीसला तुरुंगात गेलेले, पण सासरेही नाशिकचेच, त्यांना आपल्या गावाकडे राहिलेला माणूस भेटल्याचंच अप्रूप. इंग्रजीत, सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं, ते म्हणाले, "तुम्ही आमच्या देवळालीला सोल्जर होतात म्हणे! कोणत्या रेजिमेंटमध्ये?"

आजींनी मोदक टेबलावर ठेवला, हात पुसले आणि त्या जिना उतरून गेल्या. मागोमाग आजोबा गेले.

"अगं, पण मी घरातलाच ना?" सासरे मला म्हणाले. मला त्यांच्यावर चिडता येईना. माझंच गणित त्यांनी पुढे नेलं होतं.

पुढचे तीन आठवडे खालचं दार बंद होतं. त्या वयात आजी घर सोडून जातील, अशी मला खरोखर भीती वाटायची. मग एके दिवशी आजोबा बाकावर दिसले. मी माफी मागायला गेले. त्यांनी हाताने थांबवलं.

"ती रोज एक प्रश्न विचारते," ते म्हणाले. "एकच. काल विचारलं, तुला तिथे भीती वाटायची का? साठ वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं."

ते बारीक झाले होते, पण हसत होते. मला एकदम हलकं वाटलं. घरी जाऊन मी शिरा केला आणि ताटली घेऊन खाली गेले.

दार आजींनी उघडलं. त्यांनी शिरा स्वतःच्या बशीत काढला, माझी ताटली धुतली, नीट पुसली आणि रिकामीच माझ्या हातात दिली.

"त्याचं मी समजू शकते," त्या म्हणाल्या. "पण तू वर्षभर माझ्या टेबलाशी चहा पीत होतीस. आणि तुला माहीत होतं."