दुसऱ्या पाकिटासाठी माणूस हवा आहे

१. सोमवारी माझ्या कामाच्या लॅपटॉपचा मदरबोर्ड बदलून आणला.
२. सुरू करताच त्याने रिकव्हरी की मागितली, म्हणजे आकड्यांची एक लांबलचक चावी. आतला भाग बदलला की एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे चावीशिवाय न वाचता येणारी डिस्क असं करते, तसंच करायला हवं.
३. चावी कपाटात, पाकिटात होती. आकडे टाकले. लॅपटॉप उघडला.

बिघडलं काहीच नाही. तरी विषय डोक्यातून जात नाहीये...

मांडवा ते किहीम या पट्ट्यातल्या छोट्या धंद्यांचे कॉम्प्युटर मी सांभाळते. पूर्ण डिस्क एन्क्रिप्ट करून देते. मशीन चोरीला गेलं तरी आतलं कोणाला वाचता येत नाही. चावी हरवली तर मात्र मालकालाही नाही... आणि मलाही नाही.

म्हणून सगळ्यांना एकच नियम. चावीच्या दोन प्रती. एक मालकाकडे, दुसरी बंद पाकिटात, धंद्याबाहेरच्या माणसाकडे.

मंगळवारी किहीमच्या एका मावशींकडे गेले होते. त्या कॉटेज भाड्याने देतात, पाहुण्यांची आधार कार्डं सगळी कॉम्प्युटरवर. त्यांचं दुसरं पाकीट रेवसच्या नणंदेकडे असतं, जिच्याशी सध्या बोलणं बंद आहे. काळजी नाही वाटत का, विचारलं.

"ती हरवायची न्हाय. मला टोमणे मारायला तरी जपून ठेवील."

मी हसले. मग त्यांनी विचारलं, माझं दुसरं पाकीट कोणाकडे? दोन्ही माझ्याच कपाटात, मी सांगितलं.

"आनि तुला काय झालं तर?"

मी समजावायला लागले... क्लायंटचे बॅकअप माझ्याकडे आहेत, माझा लॅपटॉप उघडला नाही तर एका क्लिनिकचे जुने रिपोर्ट कायमचे जातील, वगैरे. त्यांनी मध्येच थांबवलं.

"लॅपटॉपचं न्हाय इचारलं मी."

मग म्हणाल्या, दे माझ्याकडे. पण त्या क्लायंट आहेत, बाकीच्यांचा डेटाही त्याच लॅपटॉपवर आहे. नाही म्हणावं लागलं.

घरी येऊन फोनमधली नावं पाहिली. क्लायंट, कुरिअर, गॅस, रिक्षावाले... आई गेल्यावर मुंबईची खोली सोडून इथे आले, ओळखी पुष्कळ झाल्या. पाकीट हातात द्यावं असं एकही नाव सापडलं नाही. यादी दोनदा पाहिली.

तर, विचारायचं आहे ते असं. इथे जवळपास राहणारं, मला प्रत्यक्ष भेटलेलं, माझं क्लायंट नसलेलं कोणी हे पाकीट ठेवेल का? कॉम्प्युटर यायची गरज नाही. लॅपटॉप माझ्याकडे असल्याने नुसत्या पाकिटाने काही उघडतही नाही.

काम दोनच. पाकीट फोडायचं नाही. आणि माझा फोन दोन दिवस लागला नाही, तर घरी येऊन दार वाजवायचं.

कमेंटमध्ये नको. रविवारपर्यंत मेसेज करा.