मिस्टर पेलेट यांचा भाडेपट्टा

आमच्या इमारतीत अठरा फ्लॅट आहेत, आणि भाडेपट्टा पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेला माणूस एकच. सहा नंबरचे ऑब्री पेलेट. पट्टा एकतीस पानांचा. मी रहिवासी संघाचा खजिनदार, पण मीही नवव्या पानाच्या पुढे गेलो नव्हतो.

पेलेट यांनी वर्दिंगच्या एका बस कंपनीत चौतीस वर्षं वेळापत्रकं तयार केली. बस कधी चालवली नाही. चार सतराची बस चार एकोणीसला का सुटावी, हे ठरवलं. निवृत्तीनंतर धाकटी बहीण नेस्टा त्यांच्याकडे राहायला आली. तिने लग्न केलं नव्हतं. नजर अधू झाली होती. जीभ शाबूत होती.

पट्ट्यात एक अट होती की मालक कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय पशुपक्षी पाळू नयेत. इमारतीत तीन मांजरं आणि एक कुत्रा विनापरवाना सुखाने नांदत होते. नेस्टाने येताना हिरवा बजरीगर पोपट आणला, त्याची परवानगी मात्र पेलेट यांनी घेतली. तो पोपट मेला तेव्हा त्यांनी कंपनीला तसं कळवून परवानगी परत केली. पुढे नेस्टाने निळा आणला, तेव्हा पुन्हा अर्ज केला, कारण जुन्या पत्रात 'हिरवा' असा उल्लेख होता.

"ते काय रंग बघायला येणारेत का?" नेस्टाने विचारलं होतं.

"आले तर?" पेलेट म्हणाले.

आता मुद्द्याची गोष्ट. आमच्याकडे फ्लॅट विकत घेतला तरी तो ठराविक मुदतीपुरताच आपला असतो. मुदत संपली की जमिनीच्या मालकाकडे परत जातो. आमचे पट्टे २९ सप्टेंबर १९७८ पासून एकशे पंचवीस वर्षांचे. म्हणजे २०२३ च्या मायकेलमसला, २९ सप्टेंबरला, ऐंशी वर्षं उरणार होती. ऐंशीच्या वर असताना मुदतवाढीची कायदेशीर नोटीस दिली तर वाढीची किंमत बेताची पडते. ऐंशीच्या खाली गेलं की फ्लॅटच्या वाढणाऱ्या किमतीतला निम्मा वाटा मालकालाही द्यावा लागतो. पेलेट यांनी अकरा वर्षं बाजूला टाकलेले पैसे पहिल्या किमतीला पुरत होते. दुसरीला पुरत नव्हते.

ते तेव्हा एक्याऐंशी वर्षांचे, नेस्टा त्र्याहत्तर. आपल्यामागे तिने फ्लॅट विकावा आणि एखाद्या बऱ्या वृद्धाश्रमात समुद्राच्या बाजूची खोली घ्यावी, असं त्यांनी ठरवलं होतं. समुद्र तिला दिसणार नव्हता, पण ऐकू आला असता. मुदत आटत चाललेल्या फ्लॅटवर बँका कर्ज द्यायला कुरकुरतात, आणि मग घेणारेही फिरकत नाहीत. नेस्टाजवळ दुसरं काही नव्हतं.

इमारतीतल्या बारा जणांनी मुदत आधीच वाढवून घेतली होती. एकानेही दुसऱ्याला सांगितलं नव्हतं. जिन्यात आम्ही हवेबद्दल बोलतो.

पेलेट यांनी ३० जानेवारीला मालक कंपनीला मुदतवाढीचा आकडा विचारणारं साधं पत्र लिहिलं. थोड्या दिवसांनी तिथले व्यवस्थापक लॅम्बोर्न यांचा फोन आला. "वकिलांची धन कशाला करता, मिस्टर पेलेट? आपण दोघं सभ्य माणसं. उन्हाळा संपला की आकडा लेखी कळवतो."

पेलेट थांबले. त्यांच्या वकील ओयेलारन बाई एप्रिलपासून नोटीस तयार ठेवून बसल्या होत्या. फक्त सही हवी होती. जूनमध्ये पेलेट यांच्याबरोबर मीही त्यांच्याकडे गेलो होतो.

"ते मुद्दाम वेळ काढताहेत," बाई म्हणाल्या. "मायकेलमस उलटायची वाट बघताहेत."

"त्यांनी शब्द दिलाय."

"शब्दाला तारीख आहे का?"

"माझं पत्र त्यांच्याकडे आहे. त्याचं उत्तर यायच्या आधी नोटीस पाठवायची, म्हणजे रांग मोडून पुढे घुसण्यासारखं झालं."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी या देशात बत्तीस वर्षं राहतोय. मला पेलेट यांचं म्हणणं समजत होतं, हीच अडचण होती.

जुलै गेला, ऑगस्ट गेला. मंगळवारी, २६ सप्टेंबरला, दुपारी चारला नेस्टाने मला पन्हाळीचं काम आहे म्हणून बोलावलं. पन्हाळीचं काही नव्हतं. टेबलावर चहा होता आणि शेजारी पेलेट यांची एक जाड वही.

"बापट, जरा ही वाचा," ती म्हणाली. "मला दिसत नाही, आणि याला दिसत असून दिसत नाही."

"नेस्टा, ती खाजगी वही आहे," पेलेट म्हणाले.

"तुझी पत्रं गेली कधी, आली कधी, हेच आहे ना त्यात? मग त्यात खाजगी काय? प्रेमपत्रं असती तर मी आधीच वाचून घेतली असती."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी चहात दूध ओतलं. ती संमती धरून मी वाचायला सुरुवात केली. १९८४ पासून मालक कंपनीला गेलेली सतरा पत्रं. तीन रकाने: पाठवल्याची तारीख, उत्तराची तारीख, मध्ये गेलेले दिवस. जिन्यातला दिवा, अकरा दिवस. हिरवा पोपट, नऊ. पोपटाच्या निधनाची सूचना, सहा. पुढे शेरा, 'सांत्वनाचे दोन शब्द होते.' निळा पोपट, चौदा. सगळ्यात जास्त एकोणीस, तेही मध्ये ख्रिसमस आला म्हणून.

"आणि शेवटचं?" नेस्टा म्हणाली.

"३० जानेवारी. उत्तराचा रकाना कोरा आहे."

"दिवस किती झाले?" हे पेलेट यांनी विचारलं.

"दोनशे एकोणचाळीस."

त्यांनी मला पुन्हा मोजायला सांगितलं. मी पुन्हा मोजले. तेवढेच भरले.

पेलेट यांनी वही माझ्याकडून घेतली आणि रकान्यावरून बोट फिरवलं. निळ्या पोपटाने पिंजऱ्यात दोनदा जागा बदलली.

"आमच्या कंपनीत नियम होता," ते म्हणाले. "वीस मिनिटांपर्यंत बसला उशीर झाला म्हणायचं. त्यापुढे ती रद्द धरायची आणि थांब्यावर तशी पाटी लावायची. लोकांना उगाच उभं करायचं नाही."

"मग?" मी विचारलं.

"ही बस रद्द आहे. त्यामुळे रांगही नाही."

"धन्य आहे रे बाबा," नेस्टा म्हणाली. "आठ महिने थांब्यावर काढलेस हे कळायला!"

बुधवारी सकाळी त्यांनी ओयेलारन बाईंच्या कार्यालयात सही केली. नोटीस हातोहात पोचवायला बाई माणूस पाठवणार होत्या, पण पेलेट म्हणाले की वाईट बातमी स्वतः नेऊन द्यावी. बाईंनी शेवटी पोचपावतीचा कागद माझ्या हातात दिला. पेलेट यांनी टाय लावला होता. आम्ही बसने होव्हला गेलो. बस चार मिनिटं उशिरा आली. त्यांनी नोंद केली.

मालक कंपनीच्या स्वागतकक्षातल्या मुलीने ट्रेकडे बोट दाखवलं. "त्यात ठेवा. साहेब शुक्रवारी बघतील."

"शुक्रवारी मायकेलमस आहे," पेलेट म्हणाले. "मी बसतो."

ते पाऊण तास बसले. मांडीवर टोपी, टोपीवर पाकीट. मी दोनदा घड्याळ पाहिलं; त्यांनी एकदाही नाही. मग लॅम्बोर्न सँडविच घेऊन बाहेरून आले.

"अरे, मिस्टर पेलेट! तुमचा आकडा पुढच्या आठवड्यात धाडणारच होतो. एवढा त्रास कशाला घेतलात?"

"मला माफ करा," पेलेट म्हणाले, आणि खरोखरच ओशाळून म्हणाले. "मला तुम्हाला नोटीस द्यावी लागतेय."

लॅम्बोर्न यांच्या एका हातात सँडविच होतं. दुसऱ्या हातात पाकीट आलं. मी पोचपावती पुढे केली, तेव्हा त्यांना सँडविच ट्रेमध्ये ठेवावं लागलं. सहीखाली पेलेट यांनी त्यांना वेळही लिहायला लावली: एक बावन्न.

पुढे नोटिशीला कंपनीचं उत्तर, उत्तरासाठी दिलेली मुदत संपायच्या आदल्या दिवशी आलं, किमतीवर चारदोन पत्रं झाली, आणि मे महिन्यात जमवलेल्या पैशांतच काम भागलं. जुन्या मुदतीत आणखी नव्वद वर्षांची भर पडली. नवा पट्टा तेहेतीस पानांचा. पेलेट यांनी तो दोन दिवसांत वाचून काढला. निळ्या पोपटाची परवानगी नव्या पट्ट्यालाही लागू आहे का, असं विचारणारं पत्र तिसऱ्या दिवशी गेलं. उत्तर आठ दिवसांत आलं.

त्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे चहाला होतो.

"म्हणजे आता कधीपर्यंत राहता येईल?" नेस्टाने विचारलं.

"२९ सप्टेंबर २१९३."

"त्या दिवशी वार कोणता?"

पेलेट यांनी कागद घेतला नाही, नुसते क्षणभर छताकडे बघत राहिले.

"रविवार," ते म्हणाले. "रविवारी बस कमी असतात. सामान शनिवारीच हलव."