थुर्झाच्या वतीने दिलेला होकार

लिओरा मेलेल्या माणसांची चरित्रं लिहायची. अमेरिकेत युटातल्या त्या खोऱ्यात मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचं असं एकही घर नव्हतं, ज्याच्या पणजोबांना तिने कागदावर उभं केलं नव्हतं. आणि नुसतं लिहून गप्प बसणाऱ्यांपैकी ती नव्हेच. कुणाचं लग्न राहून गेलेलं दिसलं, की चर्चची परवानगी काढून मंदिरात त्या मेलेल्यांच्या वतीने ते लावून द्यायची. मरणानेही न तुटणारं, कायमचं लग्न. शेजारी हसत, "लिओराच्या तावडीतून मेल्यावरसुद्धा सुटका नाही बाबा!"

थुर्झा ही तिच्या पणजोबांची, हायरम यांची वाग्दत्त वधू. लग्नाआधीच तापाने गेली, असं घरात सांगत. बिचारी परलोकात एकटी, म्हणून लिओरा स्वतः पांढऱ्या कपड्यांत वेदीशी गुडघे टेकून बसली आणि तिच्या वतीने "हो" म्हणाली. घरी येताना आनंदाने रडली होती.

दोन वर्षांनी नेवाडाहून एका अनोळखी बाईने थुर्झाची डायरी पाठवली. थुर्झा तापाने गेलीच नव्हती. कपडे शिवत, बिनलग्नाची, एकाहत्तर वर्षं जगली होती.

"हायरमने आज तिसऱ्यांदा विचारलं. मी तिसऱ्यांदा नाही म्हटलं. माझे बूट त्याने कुलपात ठेवलेत. अनवाणी डोंगर ओलांडेन, पण त्याची चौथी बायको होणार नाही. इथे नाही आणि वरही नाही."

त्या काळी मॉर्मन पुरुष अनेक बायका करत, त्याचं लिओराला नवल नव्हतं. शेवटचं वाक्य मात्र तिने पुन्हापुन्हा वाचलं. ते काही बदललं नाही.

तिच्यासाठी पीचच्या मुरांब्याच्या बरण्या घेऊन आलेल्या भावाला, ऑर्वलला, तिने ते पान दाखवलं.

"ऐंशी वर्षांपूर्वीचं भांडण ते," तो म्हणाला. "टाक चुलीत. जूनमध्ये सगळं खानदान जमणार, पणजोबांचं पुस्तक तयार हवं."

"अरे, तिने नाही म्हटलं होतं. हो मी म्हटलंय!"

"मग वर नाकारेल की ती. तेवढी मुभा आहे तिला, आपली शिकवणच आहे तशी."

"खाली तीनदा नाकारलं, तर बूट गेले तिचे. आता चौथ्यांदा नाकारायला लावायचं? तेही माझ्यामुळे?"

लिओराला स्वतःची शिसारी आली होती. तिने टाइपरायटरमध्ये कोरा कागद घातला आणि पणजोबांच्या चरित्राचं पहिलं पान नव्याने लिहिलं.

"हायरम यांना थुर्झाने तीनदा नकार दिला. तिच्या नावाने होकार दिला तो मी. मला कुणी तो अधिकार दिला नव्हता."

ऑर्वलने उभ्याउभ्याच वाचलं, आणि बरण्या उचलून परत घेऊन गेला.