कोणता पदार्थ घेतला?

ओल्या वाळ्याचा वास आला की मला अजूनही ड्रमचे ठोके ऐकू येतात. नाक आणि कान यांची ही अदलाबदल मार्चमधल्या एका दुपारी झाली. अमरावतीबाहेर, नांदगाव खंडेश्वरच्या रस्त्याला लागून असलेल्या मैदानावर दिवसभराचा संगीत महोत्सव होता आणि मैदानाच्या कडेला आमचा तंबू: वाळ्याच्या ताट्यांचा कूलर, चार खाटा, पाण्याचे माठ. नशा करून कोणी कासावीस झाले तर त्याने लपून न बसता इथे यावे, गारव्यात पडावे, डॉक्टरांना दाखवावे. नाव विचारले जाणार नाही, बोलणी बसणार नाहीत, अशी योजना. 'नशा करू नका' हे फलक प्रवेशद्वारावर होतेच. ते न वाचणाऱ्यांसाठी आम्ही होतो.

महोत्सव भरवणारी माझी जुनी विद्यार्थिनी. "मॅडम, तंबूची पाटी तेवढी चांगल्या मराठीत लिहून द्या," म्हणाली. मी दोन दिवस शब्द तोलले आणि लिहिले: 'अमली पदार्थ सेवनजन्य अपाय-निवारण कक्ष'. यमक नव्हते, पण लय होती. दुपारपर्यंत तंबूत फक्त एक कुत्रा येऊन गेला.

तंबूचा खरा कारभार अकोल्याहून आलेल्या निवृत्त सिस्टरबाईंचा. त्यांनी पाटी वाचली, चष्मा पुसला, पुन्हा वाचली.

"मॅडम, हे वाचून होईस्तोवर नशा उतरून जाते."

तीनच्या सुमारास दोन मुली आल्या, एक दुसरीला सावरत. दुसरीचे अंग तव्यासारखे तापलेले, जबडा आवळलेला, बाहुल्या विस्फारलेल्या. "उन्हानं झालं, नुसतं उन्हानं," मैत्रीण घोकत होती. सिस्टरबाईंनी मुलीला कूलरसमोर आडवे केले, बूट काढले, मानेवर आणि काखेत ओली फडकी ठेवली. पारा तरी चढतच होता.

"डॉक्टर येऊन राहिले," त्या हळूच मला म्हणाल्या. "काय खाल्लं ते समजलं पाह्यजे, नाही तं ते सुई कायची देतीन? तुमी विचारा. माये हात गुतले."

मी वाकले आणि जन्मभर जपलेल्या वाणीत विचारले, "आपण कोणता पदार्थ घेतला?"

तिने कोरडे ओठ हलवले. "मंचूरियन."

"आणखी कोणता पदार्थ?"

"पानीपुरी," तिने प्रामाणिकपणे आठवून सांगितले.

"एक प्लेट. दोघीत," मैत्रिणीने भर घातली.

"मॅडम," सिस्टरबाई फडके पिळत म्हणाल्या, "तुमी हाटेलीची आर्डर घेऊन राहिल्या का?"

माझे बालपण बाळापूरचे. तिथली बोली मी कवितेच्या नादी लागल्यावर घडी घालून, इस्त्री करून कपाटात ठेवून दिली होती. ती आता न चुरगळता बाहेर येईल याची खात्री नव्हती.

"काहून लपवून राहिली वं माय? काय गिळलं ते सांग मले."

मुलीने पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिले. "बाबाले सांगसान."

"नाही सांगत."

"पोलिसाले?"

"त्याहीले नाही. फक्त डॉक्टरले. त्याले नाही समजलं तं तो इलाज कायचा करीन?"

तिने मूठ उघडली. चंदेरी कागदात, घामाने चिकटलेली अर्धी गोळी. उरलेली अर्धी पोटात होती. एव्हाना येऊन पोचलेल्या डॉक्टरांनी मुठीतली अर्धी निरखली, हातात घेतलेले इंजेक्शन परत पेटीत ठेवले आणि दुसरे काढले. मैत्रीण खाटेच्या पायाशी बसून रडू लागली. तिच्या हुंदक्यांना बाहेरचा ड्रम चुकीच्या मात्रेवर साथ देत होता.

दरम्यान सिस्टरबाईंनी माझी पाटी उलटी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर मार्करने लिहिले: 'काय खाल्लं ते सांग. कोनी रागावत नाही.' ऊन कलेपर्यंत चारही खाटा भरल्या. पाटीवरची माझी लय त्या दिवसापासून भिंतीकडे तोंड करून आहे.

संध्याकाळी ताप उतरला. तरी रात्रभर नजरेखाली ठेवायला हवे म्हणून मुलीला अॅम्ब्युलन्समध्ये चढवले. वाळ्याचा गार वास तिच्या ओल्या केसांना लागला होता. मी तिच्या कपाळावर हात ठेवला आणि हायसे वाटताच जुन्या सवयीवर गेले.

"बऱ्या झाल्यावर आपण कोणता पदार्थ घेणार?"

तिने आधी सिस्टरबाईंकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि फुटलेल्या ओठांनी हसत म्हणाली,

"मंचूरियन."